चंद्रफेरीची गोष्ट

खेळ चांगला होता आणि गोष्ट वाईट होती, हे मला पहिल्यांदा तोंडावर सांगणारा माणूस माझा नवराच होता. ते खरं होतं. पण खरं बोलणाऱ्याचा राग खोटं बोलणाऱ्यापेक्षा जास्त येतो आणि लवकर जात नाही. माझा अजून गेलेला नाही. पुढे ह्याच माणसाने माझ्यासाठी खोटं बोलून दाखवलं, त्याचा तर मुळीच गेलेला नाही.

त्या काळी नवऱ्याला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती, आणि आता लिहितानाही हात तसा वळत नाही. म्हणून इथे ते नुसते 'हे' राहतील.

लग्न होऊन मी सांगलीहून बंगळूरला आले. बसवनगुडीत माडीवरच्या दोन खोल्या, खाली घरमालक आणि मालकीणबाई. ह्यांचं घराणं हुबळीकडचं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि दोन्हींची खिचडी जिभेवर. "स्वल्प थांब," म्हणायचे, 'बरं' म्हणायच्या ऐवजी "सरी, सरी," म्हणायचे. मला सुरुवातीला वाटायचं की हे माझी थट्टाच करताहेत. थट्टा करायचेही, पण ती अशी नव्हे.

नोकरी एका सरकारी कारखान्यात, तपासणी खात्यात. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक भाग ह्यांच्या टेबलावर यायचा. तो मोजून त्याला चिठ्ठी बांधायची. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्तीला परत, लाल म्हणजे भंगार. ही सवय घरीही आली होती. लोणच्याच्या बरणीला हिरवी चिठ्ठी बांधली होती. माझ्या पहिल्या पुरणपोळीच्या ताटात पिवळी ठेवली होती. शेजारणी हसून हसून बेजार झाल्या, मीही हसले. नव्या नवरीला हसावंच लागतं.

माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली एका मासिकाचे दोन अंक होते. त्यांत माझ्या दोन कथा छापून आल्या होत्या, माहेरच्या नावाने. ह्यांना ते ठाऊक होतं. "वाचीन एकदा निवांत," असं म्हणाले होते, आणि तो निवांतपणा काही आला नाही. बंगळुरात मला ओळखणारं कोणी नव्हतं, आणि मी लिहिते हे ओळखणारं तर त्याहून नव्हतं. आमच्या मराठी मंडळाचं ग्रंथालय म्हणजे एक कपाट. ते मी सहा महिन्यांत संपवलं.

रशियाचा माणूस पृथ्वीला फेरी मारून आला, त्या वर्षीची ही गोष्ट. कारखान्यात, बसमध्ये, भाजीवाल्याकडे, जिकडे तिकडे अवकाशच. मंडळाच्या गणेशोत्सवात हस्तकलेचं प्रदर्शन असायचं. दरवर्षी तेच भरतकाम आणि तेच मण्यांचे मोर. ह्यांनी मनावर घेतलं की यंदा काहीतरी नवं करायचं. आणि दोन महिने रोज संध्याकाळी खपून त्यांनी एक खेळ केला. नाव ठेवलं 'चंद्रफेरी'.

तो खेळ खरंच सुंदर होता. हे मी रागात असतानाही म्हणत असे. प्लायवुडची गोल फळी, मधोमध निळी पृथ्वी, आणि कडेने फिरणारी पितळेची कडी. कडीवर खिळ्याने बसवलेला चंद्र. प्रत्येक डावाला कडी एक घर पुढे सरकवायची, म्हणजे तुम्ही चंद्राच्या रोखाने निघालात की चंद्र तिथून निघालेला. प्रत्येकाकडे सदऱ्याची पाच बटणं. ते इंधन. एक बटण टाकलं की फासा आणखी एकदा टाकता यायचा. पण परतीला किमान एक बटण लागायचंच. म्हणजे चंद्राच्या मागे जितकं धावाल तितकं घर लांब. साधा हिशेब, पण त्या एका हिशेबापायी चांगले चाळिशीचे गृहस्थ कपाळाला हात लावून बसत.

"नुसतं फासे टाकणं नको," हे म्हणाले. "गोष्ट पाहिजे. तू लिहितेस ना? लिही."

मला काय झालं ते सांगायला लाज वाटत नाही. मला रडू आलं. वर्षभरात प्रथमच कोणीतरी म्हटलं होतं, की तू लिहितेस.

पोस्टकार्डाच्या आकाराचे चाळीस पत्ते मी लिहिले. विशिष्ट घरात आलं की खेळणाऱ्याने वरचा पत्ता उचलून मोठ्याने वाचायचा, आणि खाली लिहिलेलं असायचं, दोन घरं मागे, एक डाव थांबा, एक बटण परत घ्या. गोष्ट होती एका बाईची. ती एकटी यानातून चंद्राकडे निघाली आहे, आणि वाटेत तिला पृथ्वी आठवते. अंगण आठवतं, आईचा हात आठवतो, नदीचा घाट आठवतो. सांगलीची कृष्णा मी त्या चाळीस पत्त्यांत ओतली होती. आपण काहीतरी मोठं लिहून बसलो आहोत अशी माझी खात्री होती.

शिवाय मनात आणखी एक होतं. यंदा उत्सवात व्याख्यानाला पुण्याच्या एका मासिकाचे संपादक येणार होते. ते प्रदर्शन बघणार, पत्ते वाचणार, आणि विचारणार की हे कोणी लिहिलं? बंगळुरात बसून मराठीत पुन्हा छापून येण्याचा मला दिसणारा तो एकच रस्ता होता. पत्राने पाठवलेल्या तीन कथा तीन ठिकाणांहून साभार परत आल्या होत्या. चौथं पाकीट पाठवायचा मला धीर नव्हता.

उत्सवाच्या आधी आम्ही घरी खेळ खेळून पाहिला. खालच्या मालकीणबाई आल्या, शेजारचं एक जोडपं आलं. पहिले पाच पत्ते नीट वाचले गेले. सहाव्याला शेजारचे गृहस्थ म्हणाले, "हे राहू द्या, किती घरं मागे ते सांगा." सातव्यापासून सगळेच पत्त्याची खालची ओळ बघायला लागले. मी काल-परवा लिहिलेला कृष्णेचा घाट लोक अंगठ्याने झाकून 'एक डाव थांबा' शोधत होते. मालकीणबाईंना मराठी येत नव्हतं, त्यांचं मला काही नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांचं झोंबलं.

आणि त्याच दुपारी मालकीणबाईंनी माझं तोंड कायमचं बंद केलं. चंद्राच्या मागे धावता धावता त्यांनी पाचही बटणं उडवली. चंद्रावर पोचल्या. टाळ्या झाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की हातात काही नाही. त्यांनी रिकाम्या तळव्याकडे पाहिलं आणि खरोखरच कळवळून म्हणाल्या, "अय्यो, मनेगे हेगे होगली?" आता मी घरी जाऊ कशी?

सगळे हसले. मी नाही हसले. जे सांगायला मला चाळीस पत्ते लागले होते आणि तरी सांगता आलं नव्हतं, ते त्या बाई एका ओळीत बोलून गेल्या. माझी भाषा न कळता. माझी गोष्ट न ऐकता. ह्यांच्या पाच बटणांनी त्यांना तिथे नेऊन सोडलं होतं.

मी तेव्हा खूप विचार केला, आणि नंतरही केला. खेळात जो जातो तो आपण असतो. आपलं बटण संपतं, आपला चंद्र निसटतो, आपली फजिती होते. त्याच्या मध्ये तोंड घालून दुसरी कुणी बाई आपल्या आईची आठवण सांगायला लागली तर तिचा रागच येणार. माझी गोष्ट खेळात मिठाचा खडा होती. पण म्हणून खेळ असला की गोष्ट कशीही चालते असंही नव्हे. हे म्हणायचे, "गंमत येतेय ना? मग झालं." ते मला तेव्हाही पटलं नाही. गंमत दोन तासांत संपते. बटणं परत डबीत जातात. त्यानंतर घरी काय न्यायचं? मालकीणबाईंची ती ओळ मी आजवर जपली, म्हणजे गोष्ट हवीच होती. फक्त मी लिहिलेली नको होती.

दुसऱ्या दिवशी पत्त्यांच्या गठ्ठ्याला लाल चिठ्ठी बांधलेली होती.

"ही चेष्टा आहे का?" मी विचारलं.

"चेष्टा नाही. तपासून बांधलीय." ह्यांच्या हातात खरोखरच टिपण होतं. "चाळीसपैकी बावीस पत्त्यांत ती रडते. आणि हे बघ, 'आसवं गालांवरून ओघळली.' अवकाशात आसवं ओघळत नाहीत. ओघळायला वजन लागतं. तिथे डोळ्यालाच चिकटून राहतील."

"मी काय कारखान्याचा भाग लिहिलाय का?"

"रागावू नको. स्वल्प ऐक. तिला काम काय आहे यानात? एवढा खर्च करून पाठवली ती रडायला?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, पत्ते जातील तर असेच जातील, नाहीतर तुमची फळी घेऊन तुम्ही एकटे जा. हे 'सरी' म्हणाले आणि चिठ्ठी सोडली. माझ्या हट्टापुढे ते नेहमी लवकर नमायचे, आणि त्यामुळे मला वाटायचं की मी जिंकले.

मंडळाच्या प्रदर्शनाची एक रीत होती. सभासद म्हणजे घरातला पुरुष. त्यामुळे वस्तू कोणीही केलेली असो, तिच्यापुढच्या पाटीवर नाव त्याचंच. बायकांचे सगळे रुमाल, रांगोळ्या, चकल्यासुद्धा नवऱ्यांच्या नावावर लागत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे, मलाही वाटलं नव्हतं. चंद्रफेरीपुढे ह्यांच्या नावाची पाटी लागली. गोष्टीची वेगळी पाटी लावा, असं म्हणायचं मला सुचलं नाही. संपादक विचारतील आणि हे सांगतील, एवढं मी धरून चालले होते.

संपादक दुपारी आले. उंच, पांढरं धोतर, आवाज खणखणीत. मोरांना आणि रुमालांना नमस्कार करत करत ते चंद्रफेरीपाशी थांबले आणि चक्क खेळायलाच बसले. समोर हे आणि मंडळाचे खजिनदार. मी कॉफीचा ट्रे घेऊन मागे उभी. दोन डाव झाले. खजिनदारांना चंद्र तीनदा चुकला. संपादक लहान मुलासारखे हसत होते. आणि एकटेच असे होते की ज्यांनी पत्ते वाचले. आपला डाव नसताना गठ्ठा उचलून त्यांनी एक एक पत्ता शेवटपर्यंत वाचला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ट्रेमधल्या कपांचा आवाज होऊ नये म्हणून तो मी पोटाशी धरला होता.

"खेळ अप्रतिम," ते म्हणाले. "तुमचाच?"

"हो," हे म्हणाले.

"आणि ही गोष्ट कोणाची?"

'कोणाची' हा शब्द त्यांनी जरा लांबवला. प्रदर्शनात फाटका रुमाल दिसला की बायका विचारतात तसा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. आणि म्हणाले, "मीच लिहिली."

"तरीच!" संपादक मोठ्याने हसले. "फळी नीट आणि गोष्ट वाकडी." खजिनदारही हसले. हेही हसले. पण मग संपादकांनी गठ्ठा खाली ठेवला नाही. ते म्हणाले, "तरी टाकाऊ नाही हं. घाटाचं वर्णन चांगलंय. एवढंच की ही बाई काही करत नाही. तिला यानात काम द्या. काहीतरी बिघडू द्या, ते तिच्यावर येऊ द्या. ती न रडता वाचकाला रडू येईल असं बघा. पत्ते सोडा, सलग लिहा. लिहून मला पाठवा. मी वाचीन."

हेच. हेच ऐकायला मी वर्षभर जगत होते. ते माझ्यापासून तीन हातांवर, दुसऱ्याच माणसाला सांगितलं जात होतं.

"छे हो!" हे म्हणाले. "आम्ही कसले लेखक? खेळाला जोडायचं म्हणून चार ओळी खरडल्या, झालं."

माझ्या गोष्टीला 'चार ओळी खरडल्या' म्हणाले, आणि माझ्या वतीने नकारही देऊन टाकला.

मी बोलू शकले असते. 'गोष्ट माझी आहे,' तीनच शब्द. मी बोलले नाही. बोलले असते तर चारचौघांत, पाहुण्यासमोर, ह्यांना खोटं पाडल्यासारखं झालं असतं. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण खरं कारण दुसरंच आहे. संपादक हसले आणि ते हसणं माझ्या वाट्याला आलं नाही, तेव्हा मला आधी बरं वाटलं. एवढंसं. कॉफीचा एक कप उचलायला लागेल तेवढा वेळ. ह्यांच्यावरचा राग मला सहन झाला, त्या बरं वाटण्यावरचा नाही झाला.

मी कॉफी दिली. संपादक म्हणाले, "वा, वहिनी, कॉफी मात्र फर्स्ट क्लास."

आम्ही घरी आलो. माडी चढून आल्यावर विचारलं, "का म्हणालात तसं?"

"मग काय करायला हवं होतं? चारचौघांत तुझं हसं होऊ द्यायचं?" त्यांना खरंच कळेना. "माझं हसं झालं तर काय बिघडतं? मी काही लेखक नाही."

"आणि लिहून पाठवा म्हणाले ते?"

"ते आपलं म्हणायचं म्हणून म्हणतात गं मोठे लोक."

त्यांनी माझ्यावर उपकार केला होता आणि त्यांना आभार हवे होते. मी दिले नाहीत. त्या दिवसापासून आमच्यात काहीतरी आटलं. भांडण नव्हे. भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

मग मी गोष्ट पुन्हा लिहायला घेतली. दुपारी, हे कारखान्यात असताना. त्या बाईला मी काम दिलं. आणि मला माहीत असलेलं काम एकच होतं. माझी बाई यानातली तपासनीस झाली. परतीच्या यंत्राचा एक भाग तिच्या टेबलावर येतो. ती मोजते. पुन्हा मोजते. केसभर फरक आहे. हिरवी चिठ्ठी बांधली तर सगळे खुशीत राहतील, आणि खरं केलं तर घरी जायचा रस्ता तिनेच बंद केला असं होईल. ती लाल चिठ्ठी काढते आणि गाठ मारते. रडत नाही. कृष्णेचा घाट फक्त एकदा येतो, गाठ मारताना, एका वाक्यात. बारकावे मी ह्यांनाच विचारून घेतले. मोजायची हत्यारं कोणती, चिठ्ठीवर काय लिहितात, सही कुठे करतात. हे उत्साहाने सांगायचे. गोष्ट नऊ पानांची झाली. ती चांगली झाली आहे हे मला, विहिरीत घागर पुरती भरली की दोराला कळतं तसं, हाताला कळलं.

पण पाठवायची कोणाच्या नावाने? माझ्या नावाने गेली तर संपादक म्हणणार, नवऱ्याची कल्पना उचलली. खुलासा लिहिला तर नवरा खोटारडा. मी पानं ह्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "तुमच्या नावाने पाठवा."

"खोटं कसं पाठवायचं?"

"एकदा बोललात ना? आता निस्तरा."

मला नाव नको, निकाल हवा, असं मी स्वतःला समजावलं होतं. किती शहाणी होते मी! भुकेल्याने म्हणावं, मला जेवण नको, नुसता वास द्या, त्यातलीच गत.

संपादकांचं पत्र आलं. 'आता जमली. यंदाचा अंक भरला, पुढच्या दिवाळीला घेतो. आपल्या खात्यातला अनुभव आपण फार नेमका पकडला आहे.' बरोबरच होतं. गोष्टीत तपासणी खातं, आणि सही तपासणी खात्यातल्या माणसाची. मीच घातलेल्या बारकाव्यांनी ती गोष्ट पक्की ह्यांची करून टाकली होती.

मंडळात बातमी पसरली. कारखान्यातल्या मराठी मंडळींनी ह्यांना घेरलं, साहेबांनी बोलावून पाठ थोपटली. सुरुवातीला हे अवघडायचे, माझ्याकडे बघायचे. मी नजर वळवायची. मग ते माझ्याकडे बघेनासे झाले. मग कोणी विचारलं, की सुचलं कसं, तर सांगायला लागले. एकदा मी स्वयंपाकघरातून ऐकलं. पाहुण्यांना ते अगदी मनापासून सांगत होते, की ती लाल चिठ्ठी बांधतानाचं वाक्य किती कठीण गेलं. माझ्या हातात लाटणं तसंच राहिलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसं आठवायला लागलं होतं.

दिवाळीत अंक आले. सकाळची फराळाची गडबड चालली होती. एक प्रत घेऊन हे आत आले आणि माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर शाईच्या पेनाने लिहिलं होतं, 'सौ.स सप्रेम भेट', आणि खाली झोकदार सही.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा असती तर बरं झालं असतं. थट्टा नव्हती. इतक्या आनंदात मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"वाच हं आज," ते म्हणाले. "आणि खरं खरं सांग, कशी झालीय."

दुपारी मी वाचली. चांगली झाली होती. संध्याकाळी त्यांना तसं सांगितलं.